शिडीताईंनी वाटलेली बारा नावं

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असतं, तेवढंच. हॉस्पिटलमध्ये त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांसाठी त्या शिडीताई. खांद्यावर सहा पायऱ्यांची शिडी, कमरेला पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरचा पट्टा, चष्मा कपाळावर ढकललेला, अशा त्या वॉर्डात शिरल्या की पेशंटसुद्धा छताकडे बघायला लागत. छताला पांढरे चपटे डबे लावलेले होते. वायफाय त्यांतून यायचं. चार मजल्यांवर मिळून एकसष्ट डबे, आणि एकूण एक डब्याची नाडी शिडीताईंच्या हातात.

बाविसाव्या वर्षी त्या इथे लागल्या त्या टेलिफोनच्या बोर्डावर. जिन्याखालच्या खोलीत बसायचं, आलेला फोन घ्यायचा, हवा त्याला जोडून द्यायचा. दोनशे खाटांचं हॉस्पिटल आणि बाहेर जायच्या लाइनी फक्त सहा. त्यामुळे या बाईंची दहशत अशी, की भलेभले डॉक्टर घरी बोलताना घड्याळावर नजर ठेवत. "झालं ना? मग लाइन सोडा," एवढंच त्या म्हणायच्या आणि खट्कन तोडायच्या. एका सर्जनांचं बायकोशी चाललेलं भांडण त्यांनी असंच मध्येच तोडलं होतं. ते दुसऱ्या दिवशी जिन्याखाली येऊन आभार मानून गेले.

सोळा वर्षांनी बोर्ड निघाला. आता या बाईंचं काय करायचं, म्हणून साहेब लोक डोकं खाजवत होते, तेवढ्यात डबे बसवणारे आले आणि त्यांना शिडी धरायला माणूस हवा झाला. शिडीताई शिडी धरायला गेल्या आणि धरता धरता विचारत राहिल्या. ही वायर कुठे जाते, तो हिरवा दिवा का मिचकावतो, शेजारच्या दोन डब्यांचं भांडण होत नाही का? बसवणारे वैतागले, पण सांगत गेले. सहा महिन्यांनी ते गेले ते शिडी इथेच टाकून, आणि त्यांचं काम शिडीताईंच्या अंगावर आलं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. रात्रीची शाळा नाही, शिकवणी नाही, नुसतं विचारून शिकलेलं हे ज्ञान. पण अकरा वर्षं त्यावर हॉस्पिटल चाललं.

फक्त एक गोष्ट बदलली. बोर्डावर कडकलक्ष्मी असलेली ही बाई वायफायवर आल्यावर लोण्यासारखी मऊ झाली. सहा लाइनी डोळ्यांना दिसत. पाच भरल्या की उरली एक. वायफाय जातं हवेतून, आणि हवा कुठे दिसते? हवा काय, कितीही! मग कशाला कुणाला नाही म्हणा?

आणि मागणाऱ्यांना या हॉस्पिटलात तोटा नव्हता. इथला खरा आजार म्हणजे पाटी. कुणीही नवा विभागप्रमुख आला की आधी दारावरची पाटी मोठी करून घेणार, मग पेशंट बघणार. दारं संपली तेव्हा लोकांचं लक्ष वायफायकडे गेलं. फोन उघडला की आजूबाजूच्या वायफायची नावं दिसतात ना, तिथे आपल्या विभागाचं नाव नको? क्ष-किरणवाल्यांनी मागितलं, शिडीताईंनी दिलं. मग रक्त तपासणी रुसली, तिला दिलं. हाडांचा वॉर्ड, बाळंतपणाचा वॉर्ड, मेट्रन ऑफिस, पाहुणे, औषधालय. स्वयंपाकघराच्या मुकादमाने तर "आम्ही काय माणसं नाही?" असं विचारलं, आणि त्यालाही मिळालं. अशी बारा नावं झाली. प्रत्येक डबा ही बाराच्या बारा नावं हवेत पुकारू लागला, आणि सगळे विभागप्रमुख आपापलं नाव फोनवर बघून सुखाने झोपू लागले.

ही सगळी मजा त्या मंगळवारी सकाळी संपली.

दुसऱ्या मजल्यावर हाडांच्या वॉर्डात एक म्हातारे शिंपीकाका होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. तिथल्या प्रत्येक पेशंटच्या गळ्यात दोरीला एक लहानसं बटण असायचं. ते दाबलं की वायफायवरून एका मशीनला निरोप जायचा आणि वॉर्डच्या सिस्टरच्या खिशातला फोन वाजायचा. शिंपीकाकांनी बाथरूमला जायचं म्हणून बटण दाबलं. कुणी आलं नाही. वाट बघितली, पुन्हा पुन्हा दाबलं आणि शेवटी स्वतःच उठले. बाथरूमकडे वळायच्या कोपऱ्यावरच पडले. खुबा वाचला, पण उजवं मनगट मोडलं.

मशीनने छापून दिलेला कागद दोन ओळींचा होता. बटण दाबलं दहा एक्केचाळीसला. सिस्टर पोचल्या दहा अठ्ठेचाळीसला. सात मिनिटं.

त्या वेळी ड्युटीवर होत्या मोठ्या सिस्टर. सत्तावीस वर्षं याच वॉर्डात, आणि शिडीताईंची जिवाभावाची मैत्रीण. दोघी मागच्या जिन्यावर बसून डबा खायच्या, तिसऱ्या पायरीवर ही आणि चौथीवर ती, हा वर्षानुवर्षांचा नेम. गुरुवारी मोठ्या सिस्टरांनी डबा उघडलाच नाही. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी शिडीताईंच्या मांडीवर ठेवला.

'बेल वाजली असणार. मला ऐकू आली नाही. चूक माझी आहे.' एवढंच लिहिलेलं, खाली सही.

"हे काय गं?" शिडीताई म्हणाल्या.

"सोमवारी मोठे डॉक्टर चौकशीला बसणारेत. तेव्हा द्यायचंय."

"बेल वाजलीच नसेल तर?"

"मशीनच्या कागदावर लिहिलंय ना, दहा एक्केचाळीसला बटण दाबलं म्हणून." मोठ्या सिस्टरांनी डावा कान चोळला. "घरी सून हाक मारते ना, हल्ली ती मला तिसऱ्यांदा ऐकू येते. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, वर्ष-दोन वर्षं निघून जातील. पण ते म्हातारे पडले गं. आता वॉर्डात उभं राहायचा मला काय अधिकार?"

"मग काय करणार?"

"मला कागदपत्रांच्या खोलीत टाकतील. तिथे ऐकायचं काही नसतं."

सत्तावीस वर्षं जी बाई पेशंटच्या कण्हण्यावरून त्याचं दुखणं ओळखत होती, तिला कागद लावायला बसवणार! त्यांनी चिठ्ठी परत घडी करून दिली आणि म्हणाल्या, "सोमवार लांब आहे. तोवर हे कुणाला दाखवायचं नाही."

जेवण तसंच टाकून त्या लॅपटॉप घेऊन वॉर्डात गेल्या. बटणांच्या मशीनमध्ये आतली एक लांबलचक यादी असते. तिच्याकडे कधी कुणी बघत नाही. खुद्द शिडीताईंनीही अकरा वर्षांत दोनदाच बघितली असेल. मंगळवार सकाळची ओळ त्यांनी शोधली आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. बटण दाबल्याची वेळ दहा एक्केचाळीस. निरोप मशीनला पोचल्याची वेळ दहा सत्तेचाळीस आणि वर वीस सेकंद. आणि शेवटच्या रकान्यात, प्रयत्न: तेवीस.

म्हणजे बटणाने बावीस वेळा निरोप पाठवला आणि तो हवेतल्या हवेत विरला. तेविसाव्या वेळी पोचला. फोन वाजल्यापासून मोठ्या सिस्टर चाळीस सेकंदांत खाटेपाशी हजर होत्या. छापील कागदाला मधली वेळ दाखवायची अक्कलच नव्हती.

शिडीताईंना आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो त्यांच्याच गळ्याशी येणारा होता. एवढुसा निरोप, 'खाट क्रमांक नऊ', बस. तो बावीस वेळा का हरवला?

त्यांनी लॅपटॉपला हवा ऐकायला लावली. जेवणाची वेळ, वॉर्ड शांत, अर्धे पेशंट झोपलेले, आणि हवा मात्र तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरलेली. नक्की कुणीतरी चोरून सिनेमे उतरवतंय! शिडीताईंनी शिकाऊ डॉक्टरांच्या खोलीवर धाड घातली. तिथे एक झोपलेला आणि दोघं पुस्तकात मान घातलेले. क्ष-किरणवाल्यांकडे गेल्या, तिथे मशीनच बंद. शुक्रवारचा सगळा दिवस त्यांनी चोर शोधण्यात घालवला. मागच्या महिन्यात हाडांच्या वॉर्डात वायफाय संथ आहे अशी तक्रार होती, तेव्हा त्यांनी दोन जादा डबे लावले होते, म्हणून आता आणखी एक लावून बघावा असंही मनात आलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

शनिवारी सकाळी त्या शिंपीकाकांच्या खाटेशेजारी शिडी लावून चढल्या. काका डाव्या हाताने उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण चाचपत होते.

"काय शोधताय वर?" त्यांनी विचारलं.

"चोर. हवा कुणीतरी खातंय, आणि सापडत नाही."

"माझ्यावर पण आळ यायचा," काका हसले. "गिऱ्हाईक म्हणायचं, तीन मीटर कापड दिलं, मग सदरा आखूड कसा? मी म्हणायचो, साहेब, खिसे चार सांगितले, पाठीला चार तुकडे सांगितले. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी बोट बोट कापड आत जातं. चोरलं नाही कुणी. शिवणीत गेलं."

शिडीताई शिडीवर तशाच उभ्या राहिल्या. मग खाली उतरल्या, खिशातून औषधाच्या चिठ्ठीचा पाठकोरा तुकडा काढला आणि काकांच्या पलंगाच्या कडेला बसून गुणाकार मांडला.

डबा आपलं नाव सेकंदाला दहा वेळा पुकारतो. नावं बारा, म्हणजे एकशेवीस हाका. या खाटेपाशी तीन डबे ऐकू येतात, दोन तर त्यांनीच वाढवलेले, आणि तिघंही एकाच पट्टीत, म्हणजे एकाच चॅनेलवर बोलणारे, एक बोलला की बाकीच्यांनी थांबायचं. तीनशेसाठ हाका. आणि प्रत्येक हाक सगळ्यात संथ चालीत, कारण फार पूर्वी कुणाचातरी जुना फोन मागे पडू नये म्हणून त्यांनीच तशी सोय केली होती. सेकंदाचे हजार भाग धरले तर एका हाकेला दोन लागतात. सातशेवीस. हजारातले सातशेवीस भाग कुणी काही बोलायच्या आधीच नुसती नावं सांगण्यात जात होते.

उरलेल्या चिंधीत बाकी सगळ्यांनी बोलायचं. त्यातही रीत अशी, की आधी कान द्यायचा, हवा मोकळी दिसली तर क्षणभर थांबायचं, मग पत्ता सांगून निरोप द्यायचा आणि पोचपावतीची वाट बघायची. पावती आली नाही की पुन्हा पहिल्यापासून. बिचारं बटण दर वेळी तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात कुठला तरी डबा ओरडायचा, 'स्वयंपाकघर!'

"सापडला का चोर?" काकांनी विचारलं.

"सापडला," शिडीताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "चोर नाहीये. शिवणी आहेत, आणि सगळ्या मी घातल्यात."

घरी त्या दिवशी त्यांनी चहात दोनदा साखर घातली. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचा, मितभाषी आणि नेमका माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"उद्या रविवार. जाऊन गुपचूप नावं कमी कर," तो म्हणाला. "बेल वाजायला लागेल. तुझी नोकरीची आठ वर्षं राहिलीत, कशाला बालंट घेतेस?"

"आणि तिची चिठ्ठी?"

"ती यादी दाखव ना. मशीनची चूक म्हण."

"मशीन विचारेल, मला असं वागायला कुणी सांगितलं?"

कॉलेजात शिकणारी लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, तू आयुष्यात कुणाला नाही म्हटलंयस का गं? आणि आपलं वायफाय बाल्कनीत येत नाही, ते कधी बघणारेस?"

"दिव्याखाली अंधार," नवरा पुटपुटला, आणि तिघंही हसली. पण हसता हसता शिडीताईंचं ठरून गेलं होतं. बोर्डावर असताना त्या मागणाऱ्याचं तोंड बघत नसत; लाइन कुणासाठी मोकळी करायची ते बघत. अकरा वर्षं त्यांनी उलटं केलं. समोर उभा राहून मागणारा तेवढा दिसला, आणि खाटेवर पडून बटण दाबणारा दिसला नाही. याची लाज त्यांना वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

सोमवारी अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मेट्रनबाई, शिंपीकाकांची मुलगी आणि मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. टेबलावर ती घडीची चिठ्ठी नुकतीच ठेवली गेली होती. तेवढ्यात दाराशी खडखडाट झाला. शिडीताई सवयीने शिडी घेऊनच आल्या होत्या आणि ती दारात आडवी अडकली होती.

"ती बाहेर ठेवा, आणि तुम्हाला बोलावलेलं नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"बोलावलं नाही म्हणूनच आले. डॉक्टर, दोन मिनिटं. चिठ्ठी उघडू नका. आधी तुम्ही, मेट्रनबाई आणि या ताई, तिघांनी आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि विभाग मोठ्याने, सावकाश सांगायचं. संपलं की पुन्हा. थांबायचं नाही."

मोठे डॉक्टर चक्रावले, पण बोर्डाच्या दिवसांतली तालीम अंगात होती. त्या आवाजापुढे त्यांचं तेव्हाही चाललं नव्हतं. तिघंही सुरू झाले. मेट्रनबाईंना हुद्दे तीन, त्यामुळे त्यांना चेवच चढला. त्या गोंगाटात शिडीताईंनी मोठ्या सिस्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मोठ्या सिस्टर त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाणी." मग पुन्हा, "पाणी." असं पाच वेळा. कुणी मान वळवली नाही.

"बस," शिडीताई म्हणाल्या. खोली गप्प झाली. "यांनी पाच वेळा पाणी मागितलं. कुणी ऐकलं?"

काकांच्या मुलीने आधी मान हलवली. मग तिचा हात हळूच तोंडाकडे गेला. "माझे बाबा..." ती म्हणाली.

"तुमच्या बाबांनी दहा एक्केचाळीसला मागितलं. सिस्टरच्या फोनपर्यंत ते दहा सत्तेचाळीसला पोचलं. ही बघा यादी. चाळीस सेकंदांत त्या धावत गेल्यात." शिडीताईंनी कागद टेबलावर ठेवला. "मध्ये जो आरडाओरडा होता तो बारा नावांचा. ती नावं मी वाटली. ज्याने मागितलं त्याला दिलं, आणि त्यापायी हवा कशी भरत गेली ते कधी बघितलं नाही. सिस्टरची काही चूक नाही. माझी आहे. लिहून देते."

मोठे डॉक्टर बराच वेळ यादी बघत होते. त्या बारा नावांत 'मुख्य कार्यालय' हे त्यांनी स्वतः मागितलेलं होतं, आणि ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"लिहून द्या," ते शेवटी म्हणाले. "ताकीद मिळेल, ती तुमच्या फाइलला लागेल. परवापर्यंत हे सगळं दुरुस्त हवं. नावं किती ठेवता येतील?"

"तीन. बटणं आणि यंत्रं, कामाचे लोक, पाहुणे."

"आणि बाकीच्या विभागप्रमुखांना कोण सांगणार?"

"मी. सोळा वर्षं मी याच लोकांच्या लाइनी तोडल्यात."

काकांची मुलगी उठून मोठ्या सिस्टरांपाशी गेली आणि त्यांचा हात धरून नुसती उभी राहिली. टेबलावरची चिठ्ठी शिडीताईंनी उचलून स्वतःच्या पट्ट्यात खोचली, पकडीशेजारी.

पुढचे दोन दिवस हॉस्पिटलने जुनी शिडीताई पुन्हा बघितली. रक्त तपासणीच्या प्रमुखांनी नियम दाखवले, क्ष-किरणवाले तावातावाने वर चढून आले, बाळंतपणाच्या वॉर्डाने सह्या गोळा केल्या. सगळ्यांना एकच उत्तर. "दारावरची पाटी आहे ना? मग हवा सोडा." स्वयंपाकघराचा मुकादम तेवढा समजूतदार निघाला. म्हणाला, "पेशंटसाठी असेल तर काढा बाई. तसंही माझ्या फोनला ते कधी लागलं नाही." जादा डबे उतरले, शेजारच्या डब्यांच्या पट्ट्या वेगळ्या झाल्या, हाकांची चाल वाढली. बुधवारी सकाळी शिडीताईंनी शिंपीकाकांच्या खाटेपाशी बसून नवा गुणाकार मांडला. हजारातले सातशेवीस जात होते, ते आता तीसच्या आत आले होते.

पण कागदावरचा आकडा कसा फसवतो ते नुकतंच बघितलेली बाई ती. बघितल्याशिवाय ती थोडीच मानणार!

मोठ्या सिस्टर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून चादरी मोजत होत्या. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. चौकशी संपली तरी त्या गप्प गप्पच होत्या. यादीत काय लिहिलंय ते त्यांना समजलं होतं, पण कानांवरचा विश्वास एकदा उडाला की यादीने तो परत येत नाही. शिडीताईंनी काकांकडे बघून मान हलवली. काकांनी डाव्या अंगठ्याने गळ्यातलं बटण दाबलं.

शिडीताईंनी मनात एक म्हणायला सुरुवात केली आणि तो एक पुरा व्हायच्या आत मोठ्या सिस्टर गर्रकन वळल्या. हातातली चादर कपाटावर टाकून त्या तरातरा खाट क्रमांक नऊपाशी आल्या.

"काय हवंय काका?"

"काही नको हो," काका म्हणाले. "अंगठा लागतोय का बघत होतो."

मोठ्या सिस्टरांनी शिडीताईंकडे बघितलं, मग खिशातून काढलेल्या फोनकडे. तो अजून वाजत होता. बेल बंद करायचं सोडून त्यांनी तो हळूहळू वर नेला आणि डाव्या कानापाशी धरला. धरूनच राहिल्या. डोळे भरून आले.

"इकडूनही येते गं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येते."

शिडीताईंनी चष्मा काढून पुसला, पट्ट्यातली चिठ्ठी काढून चार तुकडे केले, आणि नाक ओढत म्हणाल्या, "झालं ना? मग लाइन सोड. खाट सहाचं पाणी राहिलंय."